बिननावाच्या खुंट्या

वहिनी,

तुमच्या शिवणखोलीत, तुमच्याच मशीनच्या फळीवर वही ठेवून लिहायला बसलोय, पण बसवत नाही. एवढी एक ओळ लिहीपर्यंत दोनदा उठलो. एकदा खिडकी उघडली, एकदा लावली. पाय नुसता टेकला तरी खालची पायपट्टी हलते आणि सुईत दोरा नसताना चाक गरकन फिरतं. आवाज ऐकून दादा ओट्यावरून ओरडला, "कोण हाय रे आत?" मी म्हटलं, "मीच." 

तुम्हाला माती देऊन आज एकोणीस दिवस झाले. तुमची लेक शोभा बाळाला घेऊन परवा उदगीरला सासरी गेली. तिन्ही भिंतींवरच्या खुंट्या आता रिकाम्या आहेत, फक्त दोन पिशव्या लटकताहेत. त्यातली एक कुणाची ते मला चांगलं ठाऊक आहे. दुसरी कुणाची ते ठाऊक नाही. आज माझी रजा संपली, आणि या दोन पिशव्या मार्गी लागल्याशिवाय लातूरच्या गाडीत पाय ठेवायचं मन होत नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भाऊजी, पायाला भिंगरी बांधली का काय? जरा बूड टेका की." टेकतो. आधी गुन्हा कबूल करतो. तुमची खोली मी मोडली. तुम्ही जाऊन नऊ दिवस झाले होते आणि मी एका दिवसात सगळी मोडली. क्रमानं सांगतो, कारण क्रमानं सांगायची मला खोड आहे आणि सगळी भानगड त्या खोडीपासूनच सुरू झाली.

तुम्ही अहमदपूरच्या या घरात आलात तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आई नव्हती. तुमची मशीन नांदेडहून एसटीच्या टपावरून आली आणि गल्लीत चार दिवस त्याचीच चर्चा होती, की पोरीच्या बापानं भांडी कमी दिली आणि मशीन दिली. मला मशीनपेक्षा तुमच्या डब्यांचं जास्त वेड. रॉकेलचे चौकोनी डबे, तुपाचे गोल डबे, एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. एकात बटणं, एकात हुक, एकात रिळं. मी शाळेतून आलो की डबे उघडून सगळं जमिनीवर पालथं घालायचो आणि पुन्हा लावायचो. तुम्ही हसायचात. "ह्यो पोरगा मोठेपणी कारकून होतोय बघा," असं दादाला म्हणायचात. तसंच झालं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवला आणि घरात जे काही पोकळ होतं ते पाण्यासाठी बाहेर निघालं. एका सकाळी तुम्ही सगळे डबे पोत्यावर रिकामे केलेत, राखेनं घासलेत आणि रांगेत लावायला दादाच्या हातात दिलेत. पोत्यावर बटणांचा ढीग. मी रडकुंडीला आलो, कारण तो माझा संसार होता. तुम्ही सुई-दोरा माझ्या हातात दिलात. "ओवा," म्हणालात. दोन दिवस मी बटणं ओवत बसलो. त्या साली दादानं बाभळीच्या खुंट्या तासल्या, तुम्ही मातीच्या भिंतींत त्या ठोकून घेतल्यात आणि तुमचं शिवण डब्यातून उठून भिंतीवर गेलं. ते पुन्हा डब्यात आलंच नाही.

त्याच साली तुम्ही मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्यात. सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या, तोंडाला सारखीच नाडी. एका घराची एक खुंटी, एका खुंटीवर एक पिशवी. आत त्या घराचं शिवायला आलेलं कापड, उरलेले तुकडे, जुळती बटणं, पुठ्ठ्यावर गुंडाळलेला दोरा आणि मापाची दोरी. मापं तुम्ही वहीत कधी लिहिली नाहीत. छातीची एक गाठ, कमरेची एक, बाहीची एक. दोरी ताणून धरली की ती बाई तुमच्यापुढे उभी. मला वाटायचं, डबे गेले म्हणून पिशव्या आल्या. दुसरं काही कारण असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

टेलर कापड खातो, असं सगळा गाव म्हणतो. तुमच्याबद्दल कुणी म्हटलं नाही. बोटभर चिंधीसुद्धा ब्लाउजच्या घडीत घालून परत जायची. "माझ्या घरात कुणाचं चिरगूट राहिलं न्हाई पाहिजे, भाऊजी," असं तुम्ही किती वेळा म्हणाला असाल. तुमची सगळी अब्रू त्या एका वाक्यात होती. ते वाक्य डोक्यात होतं म्हणूनच मी घाई केली. मी नुसताच उतावळा नव्हतो, एवढं माझ्या बाजूनं सांगून ठेवतो.

पुढे आपला लातूर जिल्हा झाला आणि मी उस्मानाबादच्या कचेरीतून लातूरच्या कचेरीत आलो, दप्तरखान्यात. जुन्या जिल्ह्यातून आपल्या तालुक्यांची दप्तरं वेगळी काढायची, लाल रुमालात बांधायची, वर गावाचं नाव आणि नंबर टाकायचा, ट्रकमध्ये चढवायची, इकडे उतरवून पुन्हा लावायची. इतकं सुख मला आयुष्यात कशानं झालं नाही. फाटके रुमाल मी शनिवारी घरी आणायचो आणि तुम्ही त्यांच्या कडा शिवून द्यायचात. एकदा शिवता शिवता म्हणालात, "तुमच्या कचेरीत तर गावंच्या गावं गाठोड्यात बांधून ठेवल्यात की. मंग माझं काय वेगळं हाय?"

"आमच्या गाठोड्यावर नाव असतं, वहिनी."

"म्हणून तर लोक तुमच्या कचेरीला भितात."

मी त्यावर कितीतरी वेळ बोलत होतो. नाव नको तर निदान नंबर घाला, म्हणालो. पिशव्या सगळ्या सारख्या, उद्या तुम्ही आजारी पडलात तर कुणाला काय सापडणार? तुम्ही दातांनी दोरा तोडलात आणि म्हणालात, "सारख्या हायत म्हणूनच बऱ्या हायत." मला वाटलं, उत्तर सुचलं नाही की माणूस असं काहीतरी बोलतो.

मी ऐकणाऱ्यातला थोडाच होतो! लातूरहून झाकणाचे बारा डबे आणले. प्रत्येकावर कागद चिकटवून माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: हुक, काळी बटणं, पांढरी बटणं, लेस, नाड्या. रविवारभर खपून तुमच्या फळीवर मांडले. पंधरा दिवसांनी आलो तर फळी मोकळी आणि बाराच्या बारा डबे मोरीपाशी पाण्यानं भरलेले. पावसानं दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, नळाचा भरवसा राहिला नव्हता. तुम्ही तांब्या बुडवून माझ्यापुढे धरलात. 'हुक' लिहिलेल्या डब्यातलं पाणी मी मुकाट्यानं प्यालो. "लई छान डबे आणलेत," तुम्ही म्हणालात. "झाकणं घट्ट हायत."

आता उठलो होतो. खिडकीत एक रीळ राहिलंय, ते बघून आलो.

या रिळांवरून आपण किती भांडलो! वर्षातून एकदा तुम्ही माहेरी नांदेडला जायचात आणि परत येताना बाजारातून दोरे आणायचात. एका वर्षी मीही बरोबर होतो. रुमालाच्या गाठीतून तुम्ही विटक्या कापडांचे तुकडे काढलेत आणि काउंटरवर मांडलेत. दुकानदार हसला. "बाई, लोक नव्या कपड्याला मॅचिंग मागतेत, तुम्ही जुन्याला मागून राहिलात." तसा विटका दोरा मिळतो थोडाच! तुम्ही त्यातल्या त्यात जवळचे रंग घेतलेत. घरी आल्यावर बघतो तर ही नवी कोरी रिळं दक्षिणेच्या खिडकीत उन्हात टांगलेली. मी ओरडलो. रंग उडेल, वहिनी, माल असा ठेवतात का? मी ती काढून सावलीत ठेवायचो, तुम्ही पुन्हा उन्हात टांगायचात. हा खेळ आपण कितीतरी शनिवार खेळलो. तुम्हाला नीट ठेवता येत नाही, एवढाच अर्थ मी काढला.

शेवटचं भांडण मात्र खेळ नव्हता.

माझ्या कचेरीतले एक जण काही कामानं अहमदपूरला आले होते, त्यांना मी चहाला घरी आणलं. तुम्ही मशीनवर होतात. सुईखाली कुणाची तरी पँट, बुडाला ठिगळ. बाजूला एक लुगडं दंड घालायला काढलेलं, मधला विरलेला भाग कापून दोन टोकं जोडायला. सहकाऱ्यांनी ते बघितलं. ते गेल्यावर मी तुमच्यावर तुटून पडलो. नवं शिवायला काय कमी आहे? लग्नाचे ब्लाउज येतात, झबली येतात, ती घ्या. या चिंध्या कशाला? मला आठवतंय मी काय म्हणालो. म्हणालो, "झिजलेली कॉलर उलटवून घालून हिंडणाऱ्यांची कामं आपल्या घरात कशाला पाहिजेत?"

तुम्ही मान वर केलीत. माझ्या चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे बघितलंत.  मग मान खाली घालून पुन्हा मशीन सुरू केलीत.

मला वाटलं, तुम्ही हरलात.

त्यानंतर तीन शनिवार मी आलो नाही. काम आहे म्हणून निरोप पाठवला. काम नव्हतं, वहिनी. खोलीवर पडून होतो, फुगून. चौथ्या शनिवारी दादाचा निरोप आला आणि मी पोचलो तेव्हा तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळावर विभूती होती आणि भजन सुरू झालं होतं. बोलायचं राहिलं ते राहिलंच. त्या तीन शनिवारांचं मी काय करू, ते मला कुणी सांगत नाही.

लोकांना वाटलं मी रडेन. मी चिकटवायचे कागद आणि शाईची बाटली आणली. नवव्या दिवशी दादा म्हणाला, "लोकांचं कापड हाय घरात. तिचा जीव त्यात आडकला आसंल. ज्याचं त्याला देऊन टाक." बस्स. सकाळी सातला मी या खोलीत शिरलो आणि सगळ्या पिशव्या जमिनीवर रिकाम्या केल्या. बटणं बटणांत, हुक हुकांत, दोरे रंगाप्रमाणे, कापड जातीप्रमाणे, तुकडे आकाराप्रमाणे. मापाच्या दोऱ्या गुंडाळून एक मोठा गुंडा केला, कारण दोरी ती दोरी. फक्त देवळीतलं, गळ्यात लिंग बांधायच्या शिवदाराचं पांढरं सूत तेवढं हलवलं नाही. संध्याकाळी चारला खोली अशी दिसत होती की बघत राहावं. मी दादाला हाक मारली.

दादा दारात उभा राहिला. त्यानं कपाळाला हात लावला. "काय करून ठेवलंस रे हे?" म्हणाला. "तिनं वेशीपासून लावलं होतं सगळं. दारामागची पयली खुंटी वेशीतलं पयलं घर. मारुतीच्या पारापाशी भिंत वळायची. कुठली खुंटी कुणाची ते तिचं तिला ठाऊक, पर गाव होतं ते, मन्मथा."

दप्तरखान्यातला माणूस मी. गावंच्या गावं लाल रुमालातून आणली, एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि आपल्याच घरातलं गाव एका दिवसात बटणं आणि हुक करून टाकलं.

तरी मी हार मानली नाही. माझ्याकडे अजून एक पद्धत शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी दवंडी दिल्यासारखं सगळ्यांना बोलावलं, ओट्यावर सतरंजी घातली, सगळा माल मांडला. बाया जमल्या. मी एकेक वस्तू उचलून दाखवायला लागलो, मोंढ्यात लिलाव करतात तशी. "हे कुणाचं?" सुरुवात झकास झाली. पलीकडच्या गल्लीतल्या राजाबाई सगळ्यात पुढे, आवाज खणखणीत. "त्यो हिरवा ब्लाउज माझा. आन् त्याचे दोन तुकडे हायत बघ, मन्मथा, नीट बघ." तुकडे सापडले. नवं कापड, लग्नातले खण, पोरींचे फ्रॉक, सगळं तासाभरात गेलं. मी मनातल्या मनात तुम्हाला म्हटलंसुद्धा, बघितलंत वहिनी? तुमच्या खुंट्यांची गरज पडली नाही.

मग जुना ढीग सुरू झाला. मी ती ठिगळाची पँट उचलली. "ही कुणाची?"

कुणी बोललं नाही.

दंड घातलेलं लुगडं उचललं. इरकली, एके काळी चांगलं भारी असणार. कुणी बोललं नाही. बापाच्या सदऱ्यातून पोरासाठी बेतलेला सदरा, वडिलांच्या कोटाचं उलटवलेलं जाकीट, विरून दोन्हीकडून जोडलेली चादर. मी उचलतोय, विचारतोय, आणि बाया एकमेकींच्या बांगड्या बघताहेत. राजाबाईसुद्धा गप्प. मला चीड आली. पडलेल्या वस्तू नाहीत या, कुणीतरी आणून दिल्यात, तुमच्यातल्याच कुणीतरी. मी आवाज चढवला. "कुणाचं तरी असेल ना हे? आकाशातून तर पडलं नाही!" गुरुजींची बायको सुमनताई हळूच उठली आणि रिकाम्या हातानं निघून गेली.

मी पुढची वस्तू उचलली. शर्ट होता. निळ्या रेघांचा, कॉलर एका बाजूनं उसवलेली, उलटवून अर्धी पुन्हा लावलेली, सुई अजून तिथेच टोचलेली. मी तो वर धरला. "हा कुणाचा?" म्हणेपर्यंत कॉलरच्या आतली शाईची खूण दिसली. दोन टिंबं आणि एक रेघ. लातूरच्या माझ्या धोब्याची खूण.

पहिल्या पगारातला शर्ट, वहिनी. मी कचेरीत कॉलरला बोट लावून सगळ्यांना सांगायचो, बघा, इतकी वर्षं झाली, कॉलर कशी नव्यासारखी आहे. गिरणीचं कौतुक करायचो. धोब्याला द्यायचे राहिलेले मळके कपडे शनिवारी तुमच्या पुढ्यात टाकायचे, रविवारी घडी घातलेले उचलायचे. एखादा शर्ट पंधरा दिवस दिसायचा नाही, मग पुन्हा दिसायचा. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. भांडणाच्या दिवशी माझ्या गळ्यात यातलाच एक होता आणि तुम्ही त्याच्याकडे बघत होतात.

आणि त्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, मी काय केलं? शर्टाची घडी केली, ढिगाच्या तळाशी सरकवला आणि म्हणालो, "ह्याचं बघू नंतर."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला सगळं कळलं. पिशव्या सारख्या का होत्या ते कळलं. नाव का नव्हतं ते कळलं. बहात्तर साली या गावात चांगल्या चांगल्या घरांतून काय काय उलटवायला येत असेल आणि ते घेऊन येणाऱ्या बाईला दुसऱ्या बाईसमोर मान खाली घालावी लागू नये म्हणून तुम्ही काय केलंत, ते कळलं. भिंतीवर ब्लाउजचा खण आणि ठिगळाची पँट सारख्याच पिशवीत टांगलेली. खिडकीतली रिळं कळली. शिवण दिसू नये म्हणून तुम्ही नवा दोरा उन्हात जुना करत होतात आणि मी तो सावलीत नेऊन ठेवत होतो.

मला तुमचा राग आला, वहिनी. अजून येतो. एवढं सगळं पोटात ठेवून माझी व्याख्यानं ऐकून घेतलीत, एकदा तरी माझ्या कानाखाली आवाज काढायचा होता. माझी कॉलर धरून दाखवायची होती, की हे बघा कारकूनसाहेब. तुम्ही मलासुद्धा त्याच पिशवीत घातलंत, नाव न लिहिता. माझी लाज माझ्यापासूनच झाकलीत. तेवढं करायला नको होतं. आणि केलंत म्हणून, आज इतका वेळ उठबस करतोय, डोळे पुसतोय आणि पुन्हा बसतोय.

मग जे मोडलं ते जमेल तेवढं परत बांधलं. कुठलं घर कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. एकेका वस्तूला एकेक पिशवी दिली. खिडकीतली रिळं एकेका कापडाशी लावून बघितली. वहिनी, प्रत्येकाचा दोरा होता. त्या पँटचा मातकट, लुगड्याचा उतरलेला जांभळा. माझ्या निळ्याचाही होता. अर्धवट राहिलेलं मी माझ्या हातानं शिवलं, दोन दिवस, लहानपणी शिकवलंत तसं. टाके वाकडे आलेत. ज्याचे त्याला दिसतील, पण दोरा तुमचा आहे. माझा शर्ट तेवढा सुईसकट तसाच ठेवला.

पिशव्या टांगल्या आणि दादाला विचारलं, आता लोकांना कसं कळवू? दादा म्हणाला, "सुमनताईला सांग. ती कुणाला सांगायची न्हाई आन् सगळ्यांना कळंल."

मी गुरुजींच्या घरी गेलो आणि सुमनताईला एवढंच म्हटलं, की उद्यापासून दुपारी आमचं शिवणखोलीचं दार उघडं राहील, मी ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसणार आहे. तिनं मान हलवली. आमच्या कचेरीत एक कागद बाहेर गेला तर सही लागते. इथे मी दाराकडे पाठ करून, डोळ्यांपुढे वर्तमानपत्र धरून बसलो आणि मागून चपलांचे आवाज आत जात होते, बाहेर येत होते. किती आले मोजलं नाही. मोजायची फार इच्छा झाली. पेपरातली तीच बातमी तीन दुपारी वाचली. आत गेलो की मशीनवर रिकाम्या पिशव्या घड्या करून ठेवलेल्या असायच्या.

काल सुमनताई बाहेर पडताना माझ्या मागे थांबली. "मन्मथभाऊ, तुमच्या वहिनी दोरा कुठून आणायच्या हो? ठिगळ कुठं हाय ते मलाच दिसंना झालंय."

"खिडकीतून," मी म्हणालो. पेपर पुन्हा डोळ्यांपुढे धरला.

आणि आज या दोन पिशव्या उरल्या. इथवर लिहिलं आणि बाहेर राजाबाईचा आवाज आला, म्हणून वही तशीच टाकून गेलो. आता येऊन बसलोय आणि या वेळी बसवतंय.

राजाबाई ओट्याखाली रस्त्यात उभी होती, नेहमीसारखी खणखणीत. "काय रे मन्मथा, संपलं का वाटप? का राहिलंय कुणाचं?" शेजारच्या दोन बाया कान देऊन होत्या. समोरच्या पानपट्टीवर चार माणसं होती. मी आत आलो, खुंटीवरची पिशवी काढली आणि शर्ट बाहेर नेला. उसवलेली कॉलर धरून सगळ्यांना दिसेल असा उभा राहिलो.

"राहिलंय ना. हा माझा आहे," मी म्हणालो. "कॉलर उलटवायला टाकला होता. कचेरीत घालतो मी. आणखी तीन आहेत तसलेच."

 राजाबाई माझ्याकडे बघत राहिली, मग शर्टाकडे. तिचा इतका बारीक आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "मंग जरा रस्त्याकडं तोंड करून बस की," ती म्हणाली. "माझंबी एक हाय आत."

मी ओट्यावर बसलो, वहिनी, रस्त्याकडे तोंड करून, शर्ट मांडीवर घेऊन. ती माझ्या मागून आत गेली. मी मागे बघितलं नाही.